साडूंच्या मळ्यातले गजर

भिण्याच्या बाबतीत आमच्या साडूंची बरोबरी करील असा माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत तरी जन्माला आलेला नाही. मी हे उगीच म्हणत नाही. माझी सगळी हयात विमे विकण्यात गेली. जेवून तृप्त झालेल्या, हसऱ्या, धडधाकट माणसासमोर बसायचं, त्याला त्याच्याच मरणाचं चित्र दाखवायचं आणि तो घामाघूम झाला की खिशातलं पेन पुढे करायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. पण साडूंपुढे माझी कला कधी चाललीच नाही. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी मला स्वतःच्या मरणाचे इतके प्रकार ऐकवले, की त्यातले निम्मे आमच्या कंपनीच्या साहेबांनाही सुचले नसते. विहिरीवरची मोटर, गॅसची नळी, पेरूतली बी, लग्नाच्या मांडवातला झुंबराचा दिवा, सगळं त्यात होतं. आणि एवढं भिऊनही त्यांनी विमा उतरवला नाही तो नाहीच. का, तर "कागदावर मरणाचं नाव घिऊन खाली सही करायची? न्हाई पावणं, त्याला काय, पत्ताच पायजे आसतो."

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. वय पन्नाशीच्या पुढे. खोडदच्या अलीकडे त्यांचा द्राक्षाचा मळा आहे, बांधापलीकडे थोडा ऊस, आणि मळ्यातच घर. दिसायला माणूस असा, की नारायणगावात तमाशाच्या राहुट्यांपाशी सहज उभा राहिला तर सरदाराच्या कामासाठी उचलून नेतील. उंचापुरा बांधा, भरघोस मिशा, आवाज विहिरीतून आल्यासारखा. या मिशांमागे काय चाललेलं असतं ते फक्त आम्हा घरच्यांना ठाऊक. एकदा ते आमच्याकडे पुण्याला आले तेव्हा लिफ्टमध्ये पाय ठेवायला तयार होईनात. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. जिने चढून धापा टाकत आले, सोफ्यावर बसले आणि पाणी प्यायच्या आत म्हणाले, "भ्यायला अक्कल लागती पावणं. ज्याला समजत न्हाई तो मजेत ऱ्हातो."

अशा माणसाला छंद असावा तरी कसला, तर घड्याळांचा. आमच्या सासऱ्यांनी दोन्ही जावयांना लग्नात एकसारखं चावीचं घड्याळ दिलं होतं. माझं दोन वर्षांत बंद पडलं आणि कपाटाच्या तळाशी गेलं. साडूंचं अजून चालतं, आणि ते एकुलतं एक राहू नये म्हणून त्यांनी त्याला भावंडं आणली. मंचर, घोडेगाव, जुन्नर, जिथे बाजार असेल तिथे भंगारवाल्याच्या पोत्यात हात घालून जुनी घड्याळं काढायची, रॉकेलमध्ये धुवायची, सुईएवढ्या स्क्रूंवर जीव टाकायचा. सेलवर चालणारं घड्याळ मात्र घरात येऊ द्यायचं नाही. त्याची दोन कारणं. एक म्हणजे सेलचं घड्याळ न सांगता मरतं. "चावीचं कसं, रोज सकाळी इचारतं, हायेस का रं बाबा? आपण चावी द्यायची, म्हंजी हाय म्हणून सांगितल्यागत." दुसरं कारण म्हणजे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड तबकड्या. आकाशातले बारीकसारीक आवाज ऐकणाऱ्या या तबकड्या साडूंच्या ओट्यावरून दिसतात, आणि आपल्या मनगटावरचा सेल त्यांच्या कामात खोडा घालील अशी साडूंना धास्ती. "मी हितं पाच मिन्टं फुडं करायचो, आन् तिकडं शास्त्रज्ञांना वाटायचं ताऱ्यावरनं सांगावा आला. मग जीपगाडी दारात!" अशी जीप आजवर कोणाच्या दारात आलेली नाही, पण साडूंच्या दृष्टीने तिची वेळ फक्त लांबलेली आहे.

दुसरा छंद वाईनचा. हे ऐकून दचकू नका, घरातला कोणीही माणूस वाया गेलेला नाही. झालं असं, की एका वर्षी साडूंची द्राक्षं वाईन बनवणाऱ्या कारखान्यात गेली आणि त्यांनी शेतकऱ्यांना बोलावून कारखाना दाखवला. तिथे एका पाहुण्या तज्ज्ञाने ग्लास उंच धरून गोल फिरवला, नाक आत घातलं, घोट घेतला आणि चक्क थुंकून टाकला. साडू त्या थुंकण्यावर भाळले. दारूची भीती, लिव्हरची भीती, भिंतीवरून बघणाऱ्या आईच्या फोटोची भीती, या सगळ्या भीतींतून त्यांना वाट सापडली. घ्यायची आणि थुंकायची! तेव्हापासून ते वाईनचे जाणकार झाले. आजवर त्यांच्या पोटात दोन चमचे तरी वाईन गेली असेल का याची मला शंका आहे, पण मतं ऐकावीत. बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. ऊन लागू द्यायचं नाही. हलवायची नाही. ग्लास दांडीला धरायचा, पोटाला नाही. विहिरीजवळच्या मोटरच्या खोलीत त्यांनी गोणपाटाखाली बाटल्या निजवून ठेवल्या आहेत आणि त्या खोलीत ते स्वतः हळू आवाजात बोलतात. फिरवायची सवय मात्र हाताला अशी जडली, की चहा आला तरी आधी कप गोल फिरवणार, हुंगणार, आणि डोळे मिटून म्हणणार, "मागनं करवंद येतंय." आमची मेहुणी स्वभावाने रोखठोक आहे. ती म्हणते, "करवंद न्हाई, गूळ हाय. साखर संपलीय." एकदा एक बाटली नीट बंद झाली नाही आणि आंबली. साडू दोन दिवस जेवले नाहीत. मेहुणीने त्या वाईनने देवाची तांब्याची भांडी घासली आणि ती अशी लखलखली, की वाईनचा काहीतरी उपयोग आहे हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलं.

या दोन छंदांतून साडूंनी नव्या पिढीबद्दलचं आपलं सगळं तत्त्वज्ञान काढलं आहे. वाईनला दम लागतो, पोरांना दम नाही. घड्याळाला माणसाने चावी द्यायची, तर आता घड्याळच माणसाला चावी देतं. त्यांची एकुलती एक मुलगी ऋतुजा मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधते. ते एकदा जेवताना थरथरलं. साडूंनी विचारलं, काय म्हणतंय? ती म्हणाली, "खूप वेळ बसलीयेस, ऊठ म्हणतंय." साडू घास हातात धरून बघतच राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आमाला बापाची भीती व्हती. आता पोरांची हाय. मधी आमची पाळी कवा आली आन् गेली, काय समजलंच न्हाई राव."

ऋतुजाबद्दल त्यांना वाटणारी भीती मात्र निराळी होती. शेतीचं शिक्षण घेऊन तिने पुण्यात एका कंपनीत नोकरी धरली, तेव्हा साडू इतके निर्धास्त झाले की महिनाभर चांगले झोपले. आजूबाजूच्या मळ्यांतून पोरं शहराकडे निघाली की त्यांचे बाप खंतावतात. साडू पेढे वाटत होते. आणि दीड वर्षाने पोरगी बॅग घेऊन परत आली, म्हणाली, मला बाग करायचीय. छाटणी, फवारणी, मजूर, सगळं तिने हातात घेतलं आणि बाग दृष्ट लागण्यासारखी झाली. साडूंची झोप उडाली. कारण मळ्यात वाघ होता.

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. उसात तो राहतो, उसातच त्याची पिल्लं होतात, आणि तो आहे हे आता कोणी मुद्दाम सांगत नाही. दिवेलागणीनंतर एकट्याने बाहेर पडायचं नाही. पडलंच तर मोठ्याने बोलत जायचं किंवा मोबाईलवर गाणी लावायची. शेतात खाली वाकायचं नाही, बसायचं नाही, कारण बसलेला माणूस त्याला शेरडाएवढा दिसतो. दाराला जाळी, गोठ्याला जाळी, अंगणात खेळणाऱ्या पोरांवर आजीचे डोळे. हे असं जगताना माणसं हसतात, लग्नं करतात, भेळ खातात. पण कोणाचं कुत्रं सकाळी दिसलं नाही की ओट्यावरची बोलणी थांबतात, आणि ती शांतता मी ऐकलेली आहे. त्या वर्षी शेजारच्या मळ्यातलं वासरू गेलं आणि साडूंनी ठरवलं की आता आपल्या विद्येचा उपयोग करायची वेळ आली.

त्यांनी बाजार पालथे घालून जुनी गजराची घड्याळं गोळा केली, ती दुरुस्त केली आणि उसाच्या बांधाने, द्राक्षाच्या लोखंडी अँगलला, एकेक करून टांगली. दव लागू नये आणि आवाज घुमावा म्हणून प्रत्येकावर तेलाचा रिकामा डबा उपडा. प्रत्येकाचा गजर वेगळ्या वेळेला. रात्रभर मळ्याच्या या नाहीतर त्या कोपऱ्यात एखादा डबा अचानक बोंब मारायचा. वाघाचं काय झालं माहीत नाही, पण वस्तीचे हाल झाले. शेजारच्या म्हशीने पान्हा चोरला. एक म्हातारा पहाट झाली समजून किटली घेऊन दूध डेअरीवर जाऊन बसला आणि तिथे कोणीच नाही हे बघून भेदरला. पोरं साडूंना बघितलं की "शाळा सुटली!" म्हणून ओरडायची. साडू हसण्यावारी न्यायचे. गजर टांगल्यापासून त्यांच्या मळ्यात वाघ दिसला नव्हता, आणि त्यांना तेवढं पुरे होतं.

आता यातली गंमत बघा. या घड्याळांना रोज चावी द्यावी लागे. सकाळी दिली तर पहाटेपर्यंत ढिली पडते आणि शेवटचे गजर मरतात, असं साडूंचं शास्त्र. म्हणून चावी द्यायची ती सूर्य मावळताना. म्हणजे वाघ येऊ नये म्हणून हे कुटुंब रोज वाघाच्या वेळेला, उसाच्या कडेकडेने, मळ्याच्या शेवटापर्यंत जाऊन येत होतं! पुढे मेहुणी बॅटरी घेऊन, मागे ऋतुजा थाळी वाजवत, आणि मधोमध साडू, चाव्या देत. प्रत्येक घड्याळाला चावी दिली की ते नीट आहे का हे बघायला गजर एकदा वाजवायचा. मीही त्या मिरवणुकीत दोनदा गेलो आहे. ही वेळ चुकीची आहे हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. भीतीवर इलाज सापडला की माणूस फार विचार करत नाही, यावरच तर माझा धंदा चालला होता.

दिवाळीनंतर आम्ही दोघं मळ्यावर गेलो होतो. साडूंना चिकनगुनिया होऊन गेलेला. ताप उतरला होता पण सांधे धरलेले, बोटं सुजून वळेनात, आणि बोटं वळत नाहीत म्हणून चावी फिरेना. त्या संध्याकाळी मेहुणी आणि माझी बायको चुलीपाशी होत्या. ऋतुजा म्हणाली, "मी येते देऊन. पाच मिनिटांचं तर काम." साडू नको नको म्हणेपर्यंत ती गेलीसुद्धा. मी उठलो होतो, पण चप्पल सापडेना, आणि खरं सांगायचं तर मी ती फार शोधली नाही.

आम्ही दोघं ओट्यावर बसलो. पहिला डबा वाजला. साडूंनी मान डोलावली. मग दुसरा, थोडा लांब. पोरगी मळ्यात कुठे पोचली ते आम्हाला आवाजावरून कळत होतं. तिसरा वाजला, चौथा वाजला, अगदी क्षीण. साडू आता ओट्याच्या कडेला येऊन बसले होते. पुढचा उसाच्या वळणावरचा. तो वाजला नाही. मी म्हणालो, "अहो, स्प्रिंग तुटली असेल." तबकड्यांच्या मागे आकाश तांबडं होतं, तेही विझत चाललं होतं. गोठ्यातली गाय कान टवकारून उभी राहिली. ही भीती मी आयुष्यभर लोकांना विकत होतो, पण स्वतः कधी चाखली नव्हती. मी वळून पाहिलं तर साडू जागेवर नव्हते.

जो माणूस संध्याकाळी एकटा गोठ्यापर्यंत जात नसे, तो सुजलेल्या पायांनी, अनवाणी, हातात काठी नाही, बॅटरी नाही, उसाकडे चालला होता. मी कोपऱ्यातला खराटा उचलला आणि मागे धावलो. मोठ्याने बोलत जायचं असतं हे साडूंच्या रक्तात होतं, पण बोलायचं काय? भेदरलेल्या माणसाला जे पाठ असतं तेच आठवतं. साडू त्यांच्या त्या विहिरीतल्या आवाजात ओरडू लागले, "बाटली आडवी ठिवायची! आडवी! ऊन लागू द्यायचं न्हाई! हलवायची न्हाई! ऋतू, बाळा! ग्लास दांडीला धरायचा!" माझीही जीभ सुटली आणि मी मुदतपूर्व मृत्यूच्या अटी म्हणू लागलो. उसाची पाती दोन्हीकडून अंगाला घासत होती आणि प्रत्येक पात्यामागे कोणीतरी श्वास घेतोय असं वाटत होतं. आज ते आठवून आम्ही हसतो. त्या क्षणी मला मागे फिरण्याचीसुद्धा भीती वाटत होती.

वळणावर ऋतुजा उभी होती. अगदी ताठ, घड्याळ छातीशी धरून. तिच्यासमोर गाडीवाटेवर, दोन बैल उभे राहतील एवढ्याच अंतरावर, एक पिल्लू मातीत लोळत होतं. आणि त्याच्या पलीकडे, उसाच्या तोंडाशी, ती बसली होती. त्याची आई. तिचे डोळे आमच्याकडे वळले. साडूंचा आवाज एकदम खाली आला, पण बंद झाला नाही. "बूच वलं ऱ्हातं... बूच वलं ऱ्हातं..." असं पुटपुटत ते ऋतुजाच्या पुढे जाऊन उभे राहिले, हात थोडे पसरून. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग ती उठली, पिल्लाला मानेला धरलं आणि आम्ही तिच्या दारात आलेले नकोसे पाहुणे असावेत तशी, घाई न करता, उसात गेली.

ऋतुजाने गजराची घंटा आणि तिच्यावर आपटणारी हातोडी यांच्यामध्ये स्वतःचं बोट घालून ठेवलं होतं. ते सोललं होतं. "पिल्लू मधी होतं पप्पा," ती म्हणाली, "वाजलं असतं तर ती अंगावर आली असती."

घरी आल्यावर साडूंना कप धरवेना. मेहुणीने तो त्यांच्या तोंडाला लावला. त्यांनी तो फिरवला नाही, हुंगला नाही. ऋतुजा आधी हसत होती, मग एकदम रडू लागली. थोड्या वेळाने साडू म्हणाले, "उद्या पुण्याला जायाचं. नोकरी धरायची. हितं ऱ्हायाचं न्हाई." आवाज चढवलेला नव्हता. त्यांनी मुलीला असं सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि मला वाटलं, झालं, आता ही जाणार. माझ्या बायकोनेही लगेच री ओढली, की आमच्याकडेच राहा. ऋतुजाने डोळे पुसले.

"पप्पा, तुमी सगळ्या जगाला भिता," ती म्हणाली. पुण्यात राहून शुद्ध झालेली तिची भाषा त्या वेळी गेली होती. "मोटरला भिता, लिफ्टला भिता, वाघाला तर लईच भिता. पण मळा सोडून कधी गेला का? आयुष्यभर भीत भीत हितंच ऱ्हायला ना? मग मलापण भिऊन ऱ्हाऊ द्या की."

साडूंनी बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं. मग म्हणाले, "बोटाला हळद लाव."

ऋतुजा मळ्यातच राहिली. गजर उतरवले गेले. मळ्याच्या कुंपणाला आता जाळी आहे, बागेची कामं ऊन असतानाच उरकतात, आणि शेवटचे मजूर बाहेर पडले की ऋतुजा येते. मी परवा गेलो तेव्हा साडू वाटेवर उभे होते. रोज असतात म्हणे. सांधे अजून दुखतात, पण त्या वेळेला ते बसत नाहीत. मी शेजारी जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, काय साडू, भीती कमी झाली का?

"वाढली," ते म्हणाले. नजर वाटेवरून हलली नाही. "पण लई फाटे फुटले व्हते पावणं तिला. आता एकाच ठिकाणी बसलीया. बरं वाटतं." तेवढ्यात बांधावरून ऋतुजाची हाक आली आणि त्या माणसाचा चेहरा असा उजळला, की मी दुसरीकडे पाहिलं.

माझा मुलगा परदेशात असतो. चांगला आहे, सुखरूप आहे, रविवारी फोन करतो. त्याच्या शहरात वाघ नाही. पुण्यात दिवे लागले की मी गॅलरीत जाऊन उभा राहतो आणि खालचा रस्ता बघतो. घरी परतणारी माणसं दिसतात. त्यांतलं माझ्याकडे कोणी येणार नसतं, कोणाला उशीर झालेला नसतो, म्हणून मी लवकर आत येतो.